कंपॅरेटरचं आउटपुट नीट स्विच होत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपॅरेटर म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप, आणि तिचं काम सांगायला एक ओळ पुरते. प्लस इनपुट मायनसच्या वर गेलं की आउटपुट हाय, खाली आलं की लो. आणि तरीही सर्किट जोडल्यावर सगळ्यात जास्त तक्रारी याच एका ओळीबद्दल असतात, की बदलाच्या क्षणी आउटपुट फडफडतं, रिले टरटर वाजतो, काउंटर एका पल्सला सतरा मोजतो. इथे बहुतेक उदाहरणं एलएम३९३ ची घेतलीयेत कारण तोच सगळ्यांच्या हातात असतो. एलएम३३९ म्हणजे त्याच घराण्यातला चार कंपॅरेटरवाला, त्यालाही जवळपास सगळं तसंच लागू आहे.

आउटपुट एकदाच बदलायच्या ऐवजी दहा वेळा का बदलतं? चिप खराब आहे का?

बहुतेक वेळा चिप अगदी ठणठणीत असते, ती फक्त तुम्ही सांगितलेलं काम जरा जास्तच प्रामाणिकपणे करत असते. एलएम३९३ चा गेन (इनपुटमधला फरक किती पट मोठा होतो ते) साधारण दोन लाख असतो, म्हणजे ५ व्होल्टचं आउटपुट या टोकाचं त्या टोकाला न्यायला इनपुटवर २५ मायक्रोव्होल्टचा फरक पुरतो. आता तुमच्या सेन्सरच्या वायरवर १० मिलिव्होल्टचा नॉइज आहे असं धरा (साध्या जोडणीत एवढा सहज असतो) आणि सिग्नल सेकंदाला १ व्होल्ट या वेगाने चढतोय. तर थ्रेशोल्डच्या (ज्या व्होल्टेजला आउटपुट बदलतं त्याच्या) आसपासचे ते १० मिलिव्होल्ट ओलांडायला सिग्नलला १० मिलिसेकंद लागतात, आणि एलएम३९३ ला एकदा स्विच व्हायला एखाद-दीड मायक्रोसेकंद. म्हणजे त्या १० मिलिसेकंदात नॉइज जितक्या वेळा थ्रेशोल्डच्या वर-खाली जाईल तितक्या वेळा आउटपुट बदलायला चिपकडे भरपूर वेळ आहे. संध्याकाळी अंधार पडतो तसा सिग्नल असेल, सेकंदाला १ मिलिव्होल्ट वगैरे, तर हाच खेळ १० सेकंद चालतो.

म्हणून सिग्नल जितका हळू तितका त्रास जास्त. जनरेटरमधून चौकोनी वेव्ह देऊन टेस्ट केलं तेव्हा मस्त चालत होतं आणि खरा सेन्सर लावल्यावर बिघडलं, याचं कारण बहुतेकदा हेच.

मग सरळ हिस्टेरेसिस टाकू ना? आधी अजून काय बघायचं?

हिस्टेरेसिस म्हणजे चढतानाचा आणि उतरतानाचा थ्रेशोल्ड मुद्दाम थोडा वेगळा ठेवायचा, म्हणजे नॉइजने आउटपुट लगेच उलटं फिरत नाही. ते टाकायचंच आहे, पण त्याआधी पाच मिनिटं स्कोपवर ती फडफड नीट बघा. फडफडीचा आकार बघितला की दोष कुठे आहे ते बरंचसं कळतं, आणि हे न बघता रेझिस्टर बदलत बसलं की दिवस जातो आणि हातात काही येत नाही.

स्कोप सिंगल शॉटवर ठेवा, ट्रिगर आउटपुटच्या एजवर, दुसरा चॅनेल कंपॅरेटरच्या इनपुट पिनवर. पिनवर म्हणजे पिनवरच, सेन्सरच्या टोकाला नाही, कारण मधल्या वायरमध्ये काय घुसतंय तेच आपल्याला बघायचंय. आता जे दिसेल ते साधारण चारपैकी एक असतं.

पल्सेसमधलं अंतर वेडंवाकडं, एक रुंद एक अरुंद, काही ताळमेळ नाही, आणि हे फक्त क्रॉसिंगच्या वेळी. हा साधा नॉइज, हिस्टेरेसिसने जातो.

पल्सेस १० किंवा २० मिलिसेकंदांच्या ठेक्यात येतायत (जिथे मेन्स ६० हर्ट्झ आहे तिथे ८.३ किंवा १६.७). हा मेन्सचा हम. हा हिस्टेरेसिसने दाबता येतो, पण मुळात वायर शिल्ड केली, सोर्सचा रेझिस्टन्स कमी केला किंवा इनपुटला आरसी फिल्टर लावला तर जास्त बरं. हम १०० मिलिव्होल्टचा असेल तर त्याला झाकायला तुम्ही किती हिस्टेरेसिस देणार?

एकदम एकसारखी, दाट, शेकडो किलोहर्ट्झ किंवा मेगाहर्ट्झची वेव्ह. हे ऑसिलेशन. आउटपुट कुठल्या तरी वाटेने स्वतःच्याच इनपुटला जाऊन मिळतंय. इथे लेआउट बघावा लागतो.

आणि चौथा प्रकार, आउटपुट बदललं, काही मिलिसेकंद थांबलं, परत फिरलं, परत थांबलं, आणि हे लोड काढला की पूर्ण बंद. इथे लोडच इनपुटला धक्का देतोय. हा ओळखायला सगळ्यात सोपा आहे, रिले किंवा मोटर काढा आणि नुसता पुल-अप (आउटपुटपासून सप्लायला जाणारा रेझिस्टर) ठेवून बघा.

हिस्टेरेसिस किती द्यायचं आणि रेझिस्टर कसे काढायचे?

आधी किती ते. इनपुट पिनवरचा नॉइज टोकापासून टोकापर्यंत मोजा आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट हिस्टेरेसिस द्या. १० मिलिव्होल्ट नॉइज तर २० ते ३०. वरची मर्यादा तुमचं काम ठरवतं. समजा एलएम३५ टेंपरेचर सेन्सर आहे, तो डिग्रीला १० मिलिव्होल्ट देतो, तिथे ५० मिलिव्होल्ट हिस्टेरेसिस म्हणजे पाच डिग्रीचा फरक, हीटरला चालेल, पण काही कामांना अजिबात चालणार नाही. मग नॉइज कमी करा, हिस्टेरेसिस वाढवू नका.

आता सर्किट. सिग्नल मायनसवर आणि रेफरन्स प्लसवर असेल तर आउटपुटपासून प्लस पिनला एक मोठा रेझिस्टर जोडायचा, झालं. उदाहरण घेऊ: सप्लाय ५ व्होल्ट, रेफरन्ससाठी १० के आणि १० के (के म्हणजे किलोओहम) चा डिव्हायडर, म्हणजे मधे २.५ व्होल्ट. हा डिव्हायडर पिनच्या बाजूने बघितला तर दोन १० के पॅरलल, म्हणजे ५ के. फीडबॅक ४७० के, पुल-अप ४.७ के. आउटपुट लो असताना (०.१ व्होल्ट धरा) प्लस पिनवर २.४७५ व्होल्ट, हाय असताना २.५२६. फरक ५१ मिलिव्होल्ट. लक्षात ठेवायचं ते एवढंच: आउटपुटचा स्विंग (हाय आणि लो मधला फरक) गुणिले ५ भागिले साधारण ४८०. दुप्पट हवं असेल तर ४७० के चा २२० के करा आणि थोडं जास्त मिळेल.

सिग्नल प्लसवर असेल तर सिग्नल आणि पिनच्या मधे एक रेझिस्टर टाकावाच लागतो, समजा १० के, आणि आउटपुटपासून पिनला १ मेग. हिस्टेरेसिस म्हणजे स्विंग गुणिले १० के भागिले १ मेग, पुन्हा ५० मिलिव्होल्टच्या आसपास. इथे एक गोष्ट सुटते ती म्हणजे सेन्सरचा स्वतःचा रेझिस्टन्स. सेन्सर १० के चा असेल तर १० के चे २० के झाले आणि हिस्टेरेसिस दुप्पट झालं. पोटेन्शिओमीटरने रेफरन्स देताना पण असंच, १० के चा पॉट मधोमध असताना २.५ के दिसतो आणि टोकाला जवळजवळ शून्य, म्हणजे पॉट फिरवला की थ्रेशोल्डबरोबर हिस्टेरेसिस पण बदलतं. पॉट मधे नीट चालतो आणि टोकाकडे फडफडतो, अशी तक्रार असली की हेच. वायपर आणि पिनमधे १० के चा फिक्स रेझिस्टर टाका, मग पॉट कुठेही असला तरी फार फरक पडत नाही.

ही सगळी कल्पना ऑटो श्मिट यांची, १९३४ सालची, त्यांनी ती व्हॉल्व्ह वापरून केली होती आणि १९३८ मध्ये प्रसिद्ध केली. श्मिट ट्रिगर हे नाव तिथून आलं.

हिस्टेरेसिस दिलं तरी फडफड तशीच आहे. आता?

या प्रश्नाला एक उत्तर नाही, पण नेहमी सापडणाऱ्या जागा आहेत.

फीडबॅक रेझिस्टर चुकून मायनसला गेलाय का बघा. मग तो निगेटिव्ह फीडबॅक होतो आणि कंपॅरेटर थ्रेशोल्डवरच लटकून ऑसिलेट करत राहतो. एलएम३११ वापरणारे इथे हमखास अडकतात, कारण एलएम३९३ मध्ये आणि बहुतेक ऑप-अँपमध्ये पिन २ मायनस आणि पिन ३ प्लस असते, एलएम३११ मध्ये बरोबर उलट आहे, २ प्लस आणि ३ मायनस. सवयीने जोडलं की गेलं.

दुसरी जागा ट्रान्झिस्टरची. आउटपुट सरळ एनपीएन ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडलंय, मधे रेझिस्टर नाही. मग आउटपुट हाय म्हणजे ५ व्होल्ट नाहीच, बेस त्याला ०.७ वर धरून ठेवतो. तुम्ही ४.९ व्होल्ट स्विंग धरून ५१ मिलिव्होल्टचा हिशोब केला होता, प्रत्यक्ष स्विंग अर्धा-पाऊण व्होल्ट, म्हणजे हिस्टेरेसिस ६-७ मिलिव्होल्ट उरलं. बेसला १० के टाकला तरी ४.७ के पुल-अपबरोबर हाय लेव्हल ३.६ व्होल्टच मिळते, पण तेवढ्यावर भागतं, हिशोब मात्र ३.६ धरून करा. आउटपुटवर एलईडी लटकवला असेल तर त्यानेही असाच घोळ होऊ शकतो. म्हणून हाय लेव्हल किती येते ते मीटरने मोजा, हा खरंच अर्ध्या मिनिटाचा उद्योग आहे आणि त्याने खूप केसेस सुटतात.

तिसरी जागा प्लस पिनवरच्या कपॅसिटरची, तिला वेगळा प्रश्न द्यायलाच हवा.

रेफरन्स स्थिर राहावा म्हणून प्लस पिनवर ०.१ मायक्रोफॅरड लावलाय. बरोबर ना?

त्या पिनवर फीडबॅक रेझिस्टर येत असेल तर नाही. हेतू चांगला आहे पण परिणाम उलटा होतो. हिस्टेरेसिस म्हणजे आउटपुट हललं की त्याच क्षणी थ्रेशोल्ड सरकायला हवा, आणि तुम्ही तिथे ०.१ मायक्रोफॅरड बसवलाय, ५ के बरोबर त्याचा टाइम कॉन्स्टंट अर्धा मिलिसेकंद. म्हणजे आउटपुट बदलल्यावर थ्रेशोल्ड सावकाश अर्ध्या मिलिसेकंदात सरकणार, आणि तोवर नॉइजला मोकळं रान. मीटरने मोजलं तर दोन्ही थ्रेशोल्ड अगदी बरोबर दिसतात, त्यामुळे माणूस चक्रावतो.

रेफरन्स शांत करायचाच असेल तर कपॅसिटर डिव्हायडरवर लावा आणि तिथून पिनपर्यंत वेगळा १० के टाका, फीडबॅक पिनच्या बाजूला. मग कपॅसिटरवाला नोड शांत आणि पिनवाला नोड चपळ. सिग्नल मायनसवर असेल तर त्या बाजूला फिल्टरचा कपॅसिटर बिनधास्त लावा, तिथे फीडबॅक नाही.

रिले लागतो तेव्हाच त्रास होतो, एलईडी लावला की सगळं नीट. का?

वर म्हटलेला चौथा प्रकार. ५ व्होल्टचा छोटा रिले साधारण ७० मिलिअँपियर खातो. (एलएम३९३ चं आउटपुट हे थेट चालवू शकत नाही, डेटाशीट ६ मिलिअँपियरची हमी देतं आणि नेहमीचा आकडा १६ आहे, त्यामुळे ट्रान्झिस्टर लागतोच.) हे ७० मिलिअँपियर ज्या ग्राउंडच्या वायरने परत जातात त्याच वायरवर सेन्सरचा ग्राउंड असेल आणि वायर अधिक ब्रेडबोर्डचे कॉन्टॅक्ट मिळून ०.१ ओहम असतील, तर सेन्सरचा ग्राउंड ७ मिलिव्होल्टने उचलला जातो. रिले लागला की सिग्नल ७ मिलिव्होल्ट सरकला, सरकला म्हणून रिले सुटला, सुटला म्हणून परत जागेवर आला, की परत लागला. टरटर सुरू.

सप्लायचंही तसंच. रिले लागल्यावर ५ व्होल्ट ४.८ झाला तर अर्ध्यावर असलेला रेफरन्स ०.१ व्होल्ट खाली येतो, आणि ते तुमच्या ५१ मिलिव्होल्टच्या दुप्पट आहे. सेन्सर पण त्याच ५ व्होल्टवरचा डिव्हायडर असेल (थर्मिस्टर, एलडीआर) तर दोन्ही बरोबरीने खाली येतात आणि फारसं बिघडत नाही. पण सेन्सर स्वतःचं ठाम व्होल्टेज देणारा असेल तर रेफरन्स पण ठाम हवा, टीएल४३१ (ठाम रेफरन्स व्होल्टेज देणारी चिप) किंवा वेगळा रेग्युलेटर.

उपाय असे: रिलेच्या करंटची जाण्या-येण्याची वायर थेट सप्लायपासून वेगळी घ्या, कॉइलवर उलटा डायोड लावा, १एन४००७ चालतो, आणि कंपॅरेटरच्या सप्लाय पिनला अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक. डायोड नसेल तर कॉइल सुटताना जो व्होल्टेजचा फटका बसतो तो ट्रान्झिस्टर तर मारतोच, शिवाय कंपॅरेटरला चुकीचा स्विच करतो.

लाइट सेन्सरवर दिवा लावलाय, अंधार पडला की दिवा लुकलुकत राहतो.

दिव्याचा उजेड सेन्सरवर पडतोय. वायरिंगमध्ये शोधत बसू नका, दिव्यावर पुठ्ठा धरून बघा. सेन्सर आडोशाला न्या, नाहीतर दिव्याने जेवढं व्होल्टेज बदलतं त्याच्यापेक्षा जास्त हिस्टेरेसिस द्या. फोटोडायोड असेल तर मेन्सवरच्या दिव्याचा १०० हर्ट्झचा लुकलुकाटही त्याला दिसतो, तिथे आरसी फिल्टर हवाच.

आउटपुट हाय जातच नाही, किंवा फार सावकाश जातं.

एलएम३९३, ३३९ आणि ३११ चं आउटपुट ओपन कलेक्टर आहे. ते फक्त खाली ओढतं, वर न्यायला पुल-अप तुम्ही द्यायचा. पुल-अपच नसेल तर आउटपुट तरंगत राहतं. १०० के चा दिला आणि पुढे वायर, गेट, प्रोब मिळून ५० पिकोफॅरड असतील तर चढायला ५ मायक्रोसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे उतरती एज टोकदार आणि चढती गोलमटोल. उलट २२० ओहमचा दिला तर ५ व्होल्टला २२ मिलिअँपियर ओढावे लागतात, तेवढं चिपला झेपत नाही आणि लो नीट लो होत नाही. ५ व्होल्टला १ के ते १० के मधे कुठेही राहा. पण पुल-अप बदलला की हिस्टेरेसिसचा हिशोब परत तपासा.

५ व्होल्ट सप्लायवर ४ व्होल्टचा थ्रेशोल्ड ठेवलाय, विचित्र वागतं.

एलएम३९३ ची इनपुट रेंज शून्यापासून सप्लायच्या दीड व्होल्ट खालपर्यंत, आणि पूर्ण तापमान धरलं तर दोन व्होल्ट खालपर्यंत. म्हणजे ५ वर तुम्हाला खात्रीने ३ व्होल्टच मिळतात. एक इनपुट वर गेलं आणि दुसरं रेंजमध्ये असलं तर चालतं, पण थ्रेशोल्डच ४ व्होल्ट असेल तर क्रॉसिंगच्या क्षणी दोन्ही इनपुट रेंजच्या बाहेर आहेत आणि आउटपुटचा काही भरवसा नाही. दोन्ही बाजू सारख्याच डिव्हायडरने निम्म्या करा, किंवा चिपला १२ व्होल्ट द्या आणि पुल-अप ५ ला ठेवा (ओपन कलेक्टरचा हा मोठा फायदा), किंवा टीएलव्ही३२०१ सारखा रेल-टू-रेल इनपुटचा घ्या.

खालच्या बाजूलाही लक्ष द्या. इनपुट ग्राउंडच्या ०.३ व्होल्टपेक्षा खाली गेलं की एलएम३९३ चं आउटपुट चुकीच्या बाजूला जाऊ शकतं. एसी सिग्नलचं झिरो क्रॉसिंग पकडताना निगेटिव्ह अर्ध्यात मधेच पल्स दिसतो तो बऱ्याचदा हाच. सिरीजमध्ये १० के आणि पिनपासून ग्राउंडला शॉट्की डायोड लावा.

माझ्याकडे एलएम३५८ पडलाय, तो कंपॅरेटर म्हणून चालेल का?

तो कंपॅरेटर नाही, ऑप-अँप (सिग्नल मोठा करणारी चिप) आहे, पण हळू कामांना चालतो. टाकीची लेव्हल, तापमान, बॅटरी लो, असल्या ठिकाणी काही अडचण नाही, हिस्टेरेसिस तेवढं द्या. पण त्याचा स्लू रेट (आउटपुट बदलायचा वेग) मायक्रोसेकंदाला सुमारे ०.३ व्होल्ट, म्हणजे ५ व्होल्टला वर-खाली जायला सोळा-सतरा मायक्रोसेकंद, शिवाय सॅच्युरेशनमधून बाहेर यायला वेळ लागतो तो वेगळा. आणि हाय लेव्हल सप्लायपर्यंत पोचत नाही, दीड व्होल्ट खालीच राहते. काही ऑप-अँपमध्ये, जसं एनई५५३२, दोन इनपुटच्या मधे उलटसुलट डायोड असतात, तिथे इनपुटमध्ये अर्ध्या-पाऊण व्होल्टपेक्षा जास्त फरक पडला की डायोड चालू होतो आणि तुमचा रेफरन्सच ओढला जातो. असा ऑप-अँप कंपॅरेटरला घेऊ नका.

ब्रेडबोर्डवर मेगाहर्ट्झचं ऑसिलेशन दिसतं, काही केल्या जात नाही.

ब्रेडबोर्डच्या शेजारच्या दोन ओळींत काही पिकोफॅरड कपॅसिटन्स असतोच. २ धरू. एलएम३९३ ची पिन १ आउटपुट आणि पिन २ मायनस इनपुट, अगदी शेजारी शेजारी. तुमचा सोर्स १०० के चा आहे आणि पिनवर १० पिकोफॅरड आहेत. आउटपुट ५ व्होल्टची उडी मारतं तेव्हा कपॅसिटिव्ह डिव्हायडरने इनपुटवर ५ गुणिले २ भागिले १२, म्हणजे सुमारे ०.८ व्होल्टचा फटका बसू शकतो! एज जरा सावकाश असली तर कमी बसेल, पण तुम्ही ५० मिलिव्होल्ट हिस्टेरेसिस घेऊन त्याच्याशी लढताय. आणि तो मायनसवर बसतोय म्हणजे बदलाला विरोधच करणार.

सोर्सचा रेझिस्टन्स कमी करणं हा इथला खरा उपाय. इनपुटचे रेझिस्टर १० के च्या आत ठेवा, म्हणजे आत शिरलेला फटका लगेच विरतो. सोर्स बदलता येत नसेल तर मायनस पिनपासून ग्राउंडला १०० पिकोफॅरड ते १ नॅनोफॅरड लावा. आउटपुटची वायर इनपुटच्या वायरींपासून लांब न्या, त्या एकत्र गुंडाळू नका. चिप बनवणाऱ्यांचा जुना सल्ला असा आहे की नुसतं १ ते १० मिलिव्होल्ट पॉझिटिव्ह फीडबॅक दिला तरी बदल इतका झटपट होतो की असली ऑसिलेशन उभीच राहत नाहीत. इनपुट लो इम्पिडन्स असेल तर हे अगदी खरं आहे.

एलएम३११ वर अजून एक जागा आहे. पिन ५ आणि ६ (बॅलन्स आणि स्ट्रोब) वापरत नसाल तर त्या एकमेकींना शॉर्ट करा. मोकळ्या सोडल्या तर त्या इनपुटसारख्या वागतात, आणि पिन ६ च्या शेजारीच पिन ७ म्हणजे आउटपुट आहे. ट्रिम पॉट लावला असेल तर ५ आणि ६ च्या मधे ०.०१ मायक्रोफॅरड.

प्रोब लावला की ऑसिलेशन थांबतं, काढला की परत सुरू. किंवा उलटं.

१० एक्स प्रोब पिनवर १०-१५ पिकोफॅरड आणतो, १ एक्स तर शंभराच्या आसपास. प्रोबने थांबतंय म्हणजे तुम्हाला फुकट माहिती मिळाली, त्या नोडवर थोडा कपॅसिटर हवाय आणि तो नोड हाय इम्पिडन्स आहे. उलट, प्रोबची लांब ग्राउंड लीड असली तर स्कोपवर जे रिंगिंग दिसतं ते सर्किटमध्ये नसतंही. ग्राउंड लीड काढून छोटी स्प्रिंग लावा आणि मगच त्याच्यावर विश्वास ठेवा.

जास्त फास्ट कंपॅरेटर घेतला तर एज स्वच्छ होईल का?

हळू सिग्नलला फास्ट कंपॅरेटर म्हणजे आगीत तेल. टीएलव्ही३५०१ साडेचार नॅनोसेकंदांत स्विच होतो, तर जो नॉइज एलएम३९३ ला दिसतच नव्हता तोही याला दिसणार. त्याच्यात ६ मिलिव्होल्ट हिस्टेरेसिस आतच दिलंय, पण ब्रेडबोर्डवर तेवढ्याने भागत नाही, ग्राउंड प्लेनवाला पीसीबी लागतो. सिग्नलला लागेल तेवढाच वेग घ्या.

थ्रेशोल्ड अजिबात हलायला नको, तरी फडफड पण नको. जमतं का?

झिरो क्रॉसिंगला हा प्रश्न येतोच. फीडबॅक रेझिस्टरच्या जागी छोटा कपॅसिटर टाका, म्हणजे बदलाच्या क्षणापुरताच धक्का मिळतो आणि थोड्या वेळाने थ्रेशोल्ड मूळ जागी येतो. १०० पिकोफॅरड आणि ५ के म्हणजे अर्धा मायक्रोसेकंद, तेवढ्यात सिग्नल नॉइजच्या पट्ट्याबाहेर गेला पाहिजे, म्हणून हा उपाय फास्ट सिग्नललाच. सावकाश सिग्नलला याचा उपयोग शून्य. आणि आउटपुट ५ व्होल्टने खाली येताना २.५ वर असलेली प्लस पिन शून्याखाली ढकलली जाऊ शकते, त्यामुळे कपॅसिटरबरोबर सिरीजमध्ये काही के चा रेझिस्टर टाका.

विंडो कंपॅरेटरमध्ये दोन्ही आउटपुट जोडून त्यावरून हिस्टेरेसिस घेतलं, पण थ्रेशोल्ड भलतीकडेच गेले.

विंडो कंपॅरेटर म्हणजे सिग्नल दोन मर्यादांच्या आत आहे का ते बघणारे दोन कंपॅरेटर. जोडलेलं आउटपुट दोघांपैकी कोणीही खाली ओढतं, त्यामुळे वरच्याने खाली ओढलं की खालच्याचा थ्रेशोल्ड पण सरकतो. दोन्ही आउटपुट वेगळी ठेवा, प्रत्येकाला आपला पुल-अप आणि आपला फीडबॅक, आणि पुढे गेटने किंवा डायोडने एकत्र करा.

मायक्रोकंट्रोलरमध्ये डिबाउन्स केलं तर हार्डवेअरचं हे सगळं टाळता येईल ना?

सावकाश सिग्नल, पोलिंग, २० मिलिसेकंदांचा डिबाउन्स (तेवढ्या वेळातले जादा बदल सॉफ्टवेअरने सोडून द्यायचे), असं असेल तर चालतं आणि कोणाला काही वाटायचं कारण नाही. पण इंटरप्टवर असेल तर मेगाहर्ट्झच्या फडफडीत प्रोसेसर इंटरप्टमध्येच अडकून राहतो, आणि वेळ मोजायची असेल तर पहिली एज खरी कुठली हे सॉफ्टवेअरला कळायचा मार्गच नाही. दोन रेझिस्टर लावा आणि मग वाटलं तर सॉफ्टवेअर.

चिपमधला दुसरा कंपॅरेटर वापरत नाही, त्याचं काय करू?

मोकळा सोडू नका. तरंगती इनपुट असली की तो आतल्या आत ऑसिलेट करतो आणि सप्लायवरून पहिल्याला त्रास देतो. एक इनपुट ग्राउंडला, दुसरं रेंजमधल्या एखाद्या ठाम व्होल्टेजला, तुमचा रेफरन्स डिव्हायडर असेल तर त्याच्यासारखाच दुसरा छोटा डिव्हायडर चालेल, आणि आउटपुट मोकळं.

चढताना एका व्होल्टेजला स्विच होतं आणि उतरताना दुसऱ्या, हे कसं दुरुस्त करू?

फरक तुम्ही दिलेल्या हिस्टेरेसिसएवढा असेल तर दुरुस्त करायचं काही नाही. दोन्ही थ्रेशोल्ड मिळूनच एका बाजूला सरकले असतील तर ऑफसेट (दोन इनपुटमधला चिपचा स्वतःचा फरक) बघा, एलएम३९३ चा ५ मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो, आणि मग बायस करंट, म्हणजे इनपुट पिनमधून वाहणारा छोटा करंट. नेहमीचा २५ नॅनोअँपियर, डेटाशीटमधला जास्तीत जास्त २५०. सोर्समध्ये १ मेग असेल तर २५ मिलिव्होल्ट ते पाव व्होल्ट एवढा फरक तिथेच पडतो. दोन्ही इनपुटला दिसणारा रेझिस्टन्स सारखा ठेवा आणि कमी ठेवा, किंवा सीमॉस इनपुटचा कंपॅरेटर घ्या.